शब्दाची गाठ सोडवताना : उपसर्ग, धातू आणि प्रत्यय ओळखून अर्थ कसा काढावा

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा निवृत्तिवेतनाच्या कागदांचा एक गठ्ठा तिच्या हातात पडला. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "जरा येऊन जा गं." जन्मभर मुलांना वाचायला शिकवलेली ही बाई एका शब्दावर बोट ठेवून बसली होती : अंशराशीकरण. "हे काहीतरी माझे पैसे कापायचं दिसतंय," ती म्हणाली.

मी पाकिटाच्या पाठीवर तो शब्द तीन तुकड्यांत लिहिला. अंश, राशी, करण. अंश म्हणजे भाग, हे तिने हजारदा फळ्यावर लिहिलेलं होतं. राशी म्हणजे रास, खळ्यावर धान्याची घालतात तशी. करण म्हणजे करणं. भागाची रास करणं. आत्या दोन क्षण पाकिटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दरमहा थोडं थोडं मिळायचं, त्यातल्या एका भागाची आत्ताच रास करून हातात देणार. आणि मग महिन्याचं तेवढं कमी होणार." नेमकं तेच. कागदावरच्या चार ओळींच्या खुलाशापेक्षा त्या एका शब्दानेच तिला जास्त सांगितलं.

मराठीतले बहुतेक अवघड शब्द असेच आतून उघडतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसलेली मुलं हजार हजार शब्दांच्या याद्या पाठ करताना मी पाहते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. त्या हजारांच्या मागे थोडेच धातू (क्रिया सांगणारी मूळं) असतात आणि वीस-बावीस उपसर्ग (शब्दाच्या सुरुवातीला जोडले जाणारे तुकडे). तेवढे ओळखीचे झाले की यादीतला निम्मा भार उतरतो. मी मुलांना ज्या क्रमाने शिकवते, त्याच क्रमाने पुढे लिहिते.

आधी शेपटाकडून सुरुवात करा

शब्द वाक्यात भेटतो तो विभक्ती लावून. ‘परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांच्या निलंबनाबाबत’ हे एका दमात वाचलं की छातीत धस्स होतं. म्हणून पहिलं काम : च्या, ना, ला, बाबत, संबंधी हे सगळं बाजूला करा आणि मूळ शब्द उभा करा. निलंबनाबाबत मधून ‘निलंबन’ राहील.

मग शेवटचा प्रत्यय, म्हणजे शब्दाच्या टोकाला जोडलेला तुकडा, पाहा. शब्द कृती सांगतोय, माणूस सांगतोय की गुण, हे तोच सांगतो. शेवटी ‘-न’ किंवा ‘-ण’ असेल तर बहुधा कृती (निरीक्षण, निलंबन). ‘-क’ असेल तर करणारा (निरीक्षक, परीक्षक). ‘-इत’ असेल तर ती गोष्ट झालेली आहे (निलंबित, प्रलंबित). ‘-नीय’ असेल तर तसं करण्याजोगं (वंदनीय, विचारणीय). ‘-त्व’ म्हणजे पणा. ‘-ईकरण’ म्हणजे जे तसं नव्हतं ते तसं करणं : विद्युतीकरण, सुलभीकरण, नूतनीकरण. ‘-अर्थी’ म्हणजे इच्छा धरणारा, म्हणून परीक्षार्थी, शरणार्थी. ‘-अधीन’ म्हणजे ताब्यातला.

एवढ्यानेच वाक्याचा अर्धा अर्थ लागतो. शब्द माहीत नसला तरी तो माणूस आहे की काम, हे कळलेलं असतं.

मग धातू पकडा, आणि त्याचं सगळं घराणं एकदमच शिका

इथे थोडा वेळ द्या, कारण खरी कमाई इथेच आहे. ‘ईक्ष्’ हा एकच धातू घ्या. अर्थ : पाहणं. आता परीक्षेच्या हॉलमध्ये शिरू.

परीक्षा म्हणजे परि अधिक ईक्षा, चहूबाजूंनी पाहणं. पेपर तपासणारा परीक्षक. वर्गात फिरणारा पर्यवेक्षक : परि, अव, ईक्षक, म्हणजे सभोवार फिरून खाली वाकून पाहणारा. हे वर्णन इतकं हुबेहूब आहे की मुलं हसतात आणि शब्द कधीच विसरत नाहीत. बाहेर निकालाची प्रतीक्षा : प्रति म्हणजे -कडे, वाटेकडे डोळे लावून पाहणं. पालकांची अपेक्षा, पेपर झाल्यावर वर्तमानपत्रात समीक्षा (सम्, नीट एकत्र पाहणं). आणि बाहेर बंदोबस्ताला पोलीस निरीक्षक, त्यांच्या वर अधीक्षक. अधि म्हणजे वर. वरून पाहणारा तो अधीक्षक. नाटकाला गेलात तर तुम्ही प्रेक्षक, गावाची मोजणी झाली तर सर्वेक्षण, कवितेत ‘जणू’ आलं की उत्प्रेक्षा. सगळीकडे पाहणंच.

आता नोकरीच्या आदेशात ‘परिवीक्षाधीन’ हा शब्द आला तर? परि, वि, ईक्षा, अधीन. काही काळ चहूबाजूंनी बारकाईने पाहिलं जाण्याच्या ताब्यात असलेला. नवीन नेमणुकीनंतर काम पाहून मग कायम करतात, तो काळ. कोश न उघडता तुम्ही तिथवर पोचलात.

दुसरं घराणं ‘लंब्’, म्हणजे लोंबकळणं, टांगणं. कचेरीत जाणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत हवं. काम पुढे टांगलेलं राहिलं तर प्रलंबित. उशीर झाला तर विलंब. कर्मचाऱ्याला काढलंही नाही आणि कामावरही ठेवलं नाही, मध्येच टांगून ठेवलं, तर निलंबन. म्हणूनच निलंबन आणि बडतर्फी एक नव्हे. एखाद्या गोष्टीला धरून राहिलं तर अवलंब.

तिसरं ‘हृ’, नेणं-आणणं. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेला एक जुना श्लोक आहे, उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो असं सांगणारा. त्यात प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही उदाहरणं आहेत. पाचही शब्दांत ‘हार’ तोच, पण एक मारतो, एक जेवू घालतो, एक नाश करतो, एक फिरायला नेतो आणि एक शंका दूर करतो. व्यवहार (वि, अव, हार), अपहार, उदाहरण (उद्, आ, हरण) हेही त्याच घरातले. हॉटेलच्या पाटीवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. उप अधिक हार म्हणजे उपहार, भेट. उप अधिक आहार म्हणजे उपाहार, हलकं खाणं. चहा-भजी मिळतात ते उपाहारगृह. एका कान्यात एक ‘आ’ दडलेला आहे.

असं दर आठवड्याला एक घराणं घ्या. स्था, ज्ञा, कृ, गम्, वृत्, युज् ही पुढची सहा. ‘ज्ञा’ला हात घातलात की आज्ञा, प्रज्ञा, संज्ञा, अवज्ञा, प्रतिज्ञा, विज्ञान आणि गाडी चालवायची शिकाऊ ‘अनुज्ञप्ती’, म्हणजे परवाना, एका माळेत येतात.

उपसर्ग पाठ करा ते जोड्यांनी

प्र, परा, अप, सम्, अनु, अव... अशी बावीस जणांची माळ संस्कृत व्याकरणात आहे. ती घोकण्यापेक्षा दिशा डोळ्यांपुढे आणा, कारण यातले बहुतेक उपसर्ग मुळात दिशाच सांगतात. उत् वर, अव खाली : उन्नती आणि अवनती. आ इकडे, निर् बाहेर : आयात आणि निर्यात. सम् एकत्र, वि वेगळं : संयोग आणि वियोग. उप जवळ किंवा दुय्यम : उपनगर, उपविधी. अति पलीकडे : अतिक्रमण, म्हणजे आपली हद्द ओलांडून पाय टाकणं. परि सभोवार : परिपत्रक हे सगळीकडे फिरवायचं पत्रक.

‘अनु’ म्हणजे मागून, नंतर. अनुज म्हणजे नंतर जन्मलेला, धाकटा भाऊ. राज्यघटनेत कलमं संपल्यावर ज्या याद्या येतात त्या अनुसूची. सूची म्हणजे यादी, अनु म्हणजे मागाहून येणारी.

‘आ’चा एक वेगळा उपयोग लक्षात ठेवा : ‘पासून’ किंवा ‘पर्यंत’. आमरण उपोषण म्हणजे मरेपर्यंतचं. आजन्म, आबालवृद्ध, आपादमस्तक ही त्याचीच उदाहरणं.

‘निर्’ आणि ‘वि’ यांच्याबद्दल मुलं नेहमी अडतात. निर्जन म्हणजे माणसं नसलेला, मग निर्णय म्हणजे काय नसलेला? माझा साधा ठोकताळा असा : उरलेला शब्द वस्तू किंवा गुण असेल (जन, दोष, जल, फल), तर अर्थ ‘नसलेला’. निर्दोष, निर्जल, विफल. उरलेला भाग कृती असेल, तर अर्थ ‘बाहेर’, ‘पूर्णपणे’ किंवा ‘विशेष’. निर्गमन, निर्णय, निरीक्षण, विज्ञान, विभाग. दर वेळी चालेलच असं नाही, पण बहुतेक वेळा हा ठोकताळा हात देतो.

वेष पालटलेले उपसर्ग ओळखा

संधी झाली, म्हणजे दोन तुकड्यांची टोकं एकमेकांत मिसळली, की उपसर्ग कपडे बदलतो. इ-कारान्त उपसर्गापुढे दुसरा स्वर आला की ‘य’ येतो. म्हणून शब्दाची सुरुवात व्य, प्रत्य, अध्य, अभ्य, अत्य, पर्य अशी दिसली की तिथे वि, प्रति, अधि, अभि, अति, परि लपलेत असं समजा. व्याकरण म्हणजे वि, आ, करण. प्रत्येक म्हणजे प्रति, एक. अध्यादेश म्हणजे अधि, आदेश. पर्यावरण म्हणजे परि, आवरण, सभोवारचं वेष्टण. ‘स्व’ने सुरू होणाऱ्या शब्दांत कधी कधी ‘सु’ असतो : स्वागत म्हणजे सु, आगत.

सर्वांत बहुरूपी ‘उत्’. पुढचं अक्षर बघून तो बदलतो : उद्गम, उच्चार, उल्लेख, उन्नती. उज्ज्वल लिहिताना ‘ज’ एक की दोन, ही शंका मला शाळेत कायम यायची. एक ‘ज्’ उत् या उपसर्गाचा आणि दुसरा ज्वल धातूचा, हे बाईंनी सांगितलं आणि ती शंका तिथेच संपली. उद्ध्वस्त (उत्, ध्वस्त), संन्यास (सम्, न्यास), महत्त्व (महत्, त्व) यांचंही तेच. दुप्पट अक्षरं उगाच नाहीत, दोन तुकड्यांची दोन माणसं तिथे शेजारी उभी आहेत. परीक्षेतली ‘री’ दीर्घ आणि परिपत्रकातली ‘रि’ ऱ्हस्व का, तेही इथेच कळतं : परीक्षेत दोन ‘इ’ एकत्र झाल्यात. शुद्धलेखनाचे नियम मी मुलांना वेगळे फारसे शिकवत नाही.

शब्दाचं कूळ विचारा

मराठी शब्द एकाच खाणीतले नाहीत. संस्कृतची सुरी फारसी शब्दावर चालवली तर भलतंच काहीतरी कापलं जातं.

फारसी-अरबी घराण्यातून आलेले उपसर्ग आपण रोज वापरतो. बे, गैर, ना, दर, हर, सर, बद, कम. ‘सर’ म्हणजे डोकं, प्रमुख : सरपंच, सरचिटणीस, सरन्यायाधीश. ‘दर’ म्हणजे प्रत्येक : दरमहा, दरसाल, दरडोई. दरडोई उत्पन्न हा अर्थशास्त्रातला भारदस्त शब्द, पण त्यात फारसी ‘दर’ला आपली घरातली ‘डोई’ जोडलेली आहे. मला हा शब्द फार आवडतो.

‘बे’ आणि ‘गैर’ यांतला फरक शिकण्यासारखा आहे. ‘बे’ म्हणजे ती गोष्ट नाही : बेपत्ता, बेवारस, बेचव, बेमुदत. ‘गैर’ पुष्कळदा ‘चुकीचं’ सांगतो. गैरसमज म्हणजे समज नसणं नव्हे, समज आहे पण वाकडा. गैरवापर, गैरव्यवहार तसेच. गैरहजर मात्र सरळ नकार. ‘ना’ तर इतका मुरला की तो कुणालाही चिकटतो : नापीक जमिनीत मराठी पीक, नापास विद्यार्थ्यात इंग्रजी पास, आणि क्रिकेटचा समालोचक ‘नाबाद’ म्हणतो तेव्हा ते ऐकून कुणाला फारसी आठवतही नाही.

आपले खास देशी तुकडेही आहेत, ज्यांना पाठ्यपुस्तकात कमी जागा मिळते. ‘आड’ म्हणजे मुख्य सोडून बाजूचा : आडवाट, आडगाव, आडवेळ. ‘बिन’ : बिनचूक, बिनविरोध, बिनशेती. ‘भर’ म्हणजे ऐन किंवा पूर्ण : भरदुपारी, भरधाव. ‘अव’ला मराठीत वाईटाची छटा आली : अवकाळी, अवकृपा, अवदसा. ‘पड’ हा संस्कृत ‘प्रति’च, झिजून झालेला : पडसाद, पडछाया, पडजीभ. आणि ‘पोट’! पोटभाडेकरू, पोटजात, पोटकलम, पोटनिवडणूक. ‘उप’ने जे काम होतं तेच आपल्या माणसांनी पोटाने केलं. एकाच्या पोटात दुसरं.

मागच्या बाजूलाही कूळ बघावं लागतं. मतदान आणि रक्तदान यांतलं ‘दान’ संस्कृत, देणं. पानदान, फुलदाणी, अत्तरदाणी यांतलं फारसी, ठेवायची जागा. कूळ कळत नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर सहज शोधता येते आणि शब्दापुढे तो संस्कृत, फारसी की अरबी याची खूण कंसात दिलेली असते.

इथे पाय घसरतो

सर्वांत मोठा सापळा ‘अनु’चा. अनुवाद, अनुकरण, अनुदान यांत ‘अनु’ आहे. पण अनुचित, अनुपस्थित, अनुत्तीर्ण, अनुदार यांत तो नाहीच. तिथे नकाराचा ‘अन्’ आहे आणि पुढचा ‘उ’ पुढच्या शब्दाचा : अन् उचित, अन् उपस्थित. ओळखायचं कसं? ‘अनु’ काढून उरलेलं मोठ्याने म्हणा. ‘वाद’, ‘करण’, ‘दान’ शब्द आहेत. ‘पस्थित’ हा शब्द नाही. मग एक पाऊल मागे जाऊन ‘अन्’ काढून पाहा.

तसाच ‘अप’चा. अपघात, अपमान, अपयश यांत ‘अप’ आहे. अपक्ष उमेदवार, अपात्र, अपार, अपरिचित यांत नुसता ‘अ’. अपरिहार्य तर तीन तुकड्यांचा : अ, परि, हार्य, म्हणजे टाळता न येणारा.

दिसतो पण नसतो, असेही असतात. पडवळात आणि पडद्यात ‘पड’ नाही, बेडकात ‘बे’ नाही, सरबतात ‘सर’ नाही. निष्णात हा नकारात्मक वाटतो, पण तो नि आणि स्नात : विद्येत पूर्ण न्हालेला. अमूल्य म्हणजे मोल नसलेलं खरं, पण मोल करता येत नाही म्हणून.

आणि कधी शब्दाचे तुकडे एक सांगतात, लोक दुसरं बोलतात. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडे, पाठीमागे. त्याला ‘अ’ लावला की अपरोक्ष, म्हणजे डोळ्यांसमोर. पण ‘माझ्या अपरोक्ष त्याने सही केली’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला ‘माझ्या पाठीमागे’च म्हणायचं असतं. अशा वेळी तुकड्यांचा हट्ट धरू नका, वाक्यातला माणूस काय म्हणतोय ते ऐका. उपेक्षाही तशीच. उप म्हणजे जवळ, ईक्षा म्हणजे पाहणं, तरी अर्थ दुर्लक्ष. जवळ उभं राहून नुसतं बघत राहणं, अशी कल्पना केली की तो शब्द जागेवर बसतो.

म्हणून शेवटची पायरी कधी गाळू नका. काढलेला अर्थ वाक्यात घालून ते पूर्ण वाक्य वाचा. अर्थ अडखळला तर कोश उघडा. आधी स्वतः अंदाज करून मग कोश पाहिला की शब्द लक्षात राहतो. नुसता पाहिला की पान मिटताच जातो. कागद कायद्याचा किंवा पैशांचा असेल, तर अंदाजावर सही करू नका, जाणकाराला विचाराच.

एक शब्द पूर्ण उकलून पाहू

सोसायटीच्या फलकावर सूचना लागते : ‘मानीव अभिहस्तांतरणाबाबत विशेष सर्वसाधारण सभा.’ सभासद वाचतात आणि पुढे जातात, आणि प्रश्न मात्र त्यांच्याच पायाखालच्या जमिनीचा असतो.

‘बाबत’ काढला, सामान्यरूपाचा कानाही काढला. राहिलं अभिहस्तांतरण. शेवटी ‘ण’, म्हणजे ही कृती. मध्ये हस्त आणि अंतर : एका हातातून दुसऱ्या हातात. पुढे अभि, -कडे. अमुक एकाकडे मालकी हातबदल करून देणं. आता ‘मानीव’. मानणं या ओळखीच्या क्रियापदातून आलेला, म्हणजे मानलेलं. बिल्डरने जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर सोसायटी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करते आणि ती करून दिली असं मानून पुढची नोंद होते. सगळी प्रक्रिया त्या दोन शब्दांत भरलेली आहे.

सरावासाठी

हे पाच शब्द आधी स्वतः सोडवा, मग खालची ओळ वाचा : विनाअनुदानित, निर्जंतुकीकरण, अनुत्पादक, बेहिशेबी, प्रत्यर्पण.

विना, अनु, दान, इत : शासनाचं अनुदान न मिळालेली (शाळा). निर्, जंतू, क, ईकरण : जंतू नसलेलं करणं. अन्, उत्, पादक : काही निर्माण न करणारा, आणि इथे ‘अनु’ धरला असेल तर वरचा सापळा पुन्हा वाचा. बे, हिशेब, ई : हिशेबात न दाखवलेली (मालमत्ता). प्रति, अर्पण : परत सोपवणं, दुसऱ्या देशात पळालेल्या आरोपीला ज्या देशात गुन्हा घडला त्या देशाच्या हवाली करणं.